तक्रार, जर्मनमध्ये

गुणवंतभाऊ पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले होते, अन् इकडे माहा जीव टांगणीले लागला होता. ते शाळा समितीचे अध्यक्ष. नववीच्या पोट्ट्यायले मी धंद्यात लागनारी जर्मन शिकवते, तो वर्ग पुढं चालू ठेवायचा का बंद करायचा, हे आज पोरायचं सादरीकरण पाहून तेच ठरवनार होते. हेडसरनं मले सकाळीच बजावलं, "मॅडम, भाऊ खूश तं वर्ग राह्यला. आजच्या दिवस डोस्कं थंड ठेवा."

माहं डोस्कं कसं हाये, हे हेडसरले पक्कं माहीत. मी ब्रह्मपुरीची. नागपूरले राहून जर्मन शिकली अन् चामोर्शीच्या पुढं, जंगलाकडच्या या शाळेत आली, तवा लोकं तोंडावर हासले. "मोहफुलं येचनाऱ्या पोरीले जर्मन? काऊन बाप्पा?" अशा एकेकासंगं मी भांडली हाये. काऊन म्हणजे? तुमची पोरगी शिकते तं कौतुक, अन् ही शिकली तं पोटात दुखते?

सादरीकरण साधंच होतं. एक जण घेनारा, एक जण विकनारा. माल दाखवायचा, भाव करायचा, अन् शेवटी एक तक्रार करायची. तक्रारीचं वाक्य मात्र ज्याचं त्यानं बनवायचं, हा माहाच नियम. नुसता रट्टा मारून भाषा येत नाई.

घेनारा झाला प्रफुल, गुणवंतभाऊचाच पोरगा. विकनारी बुधरी, आतल्या गावची माडिया पोट्टी. वर्गात हे दोघंच खरे तेज. बुधरीची माय सोमारी मागं दाराजवळ जमिनीवर बसली होती. मोहफुलं, हिरडा, चारोळी, जे जंगलातून येचते ते आठवडी बाजारात गुणवंतभाऊच्याच दुकानावर पायलीच्या मापानं देते, अन् बदल्यात चने घेते. दुसरा घेनारा इथी हाये कोन?

प्रफुलनं नमस्कार केला, भाव विचारला. बुधरीनं सांगितला. प्रफुलनं घासाघीस केली. भाऊची छाती फुगली. बाजूच्याले कोपरानं ढोसून म्हणले, "पाह्य, कसा फाडफाड बोलते माहा पोट्टा!"

"आता तक्रार," मी म्हणली.

सरावात बुधरीचं वाक्य होतं, 'पैसे उशिरा भेटले.' आज ती थांबली. एकदा मायकडे पाह्यलं. मंग प्रफुलकडे तोंड करून, सावकाश, साफ जर्मनमध्ये बोलली, "तुमच्या दुकानात दोन पायल्या हायेत. आमचे मोहफुलं तुम्ही मोठ्या पायलीनं मोजून घेता. आम्हाले चने लहान पायलीनं मोजून देता. माह्या मायले हे माहीत हाये. पन ती तुमाले भिते."

अवं माय! हे समजनारे अख्ख्या हॉलमध्ये आम्ही तिघंच; वर्गातल्या बाकी पोट्ट्यायले एवढी जर्मन अजून उमजत नव्हती. बाकीचे मस्त हासून राह्यले होते. प्रफुलचं तोंड पांढरंफटक पडलं.

गुणवंतभाऊनं टाळ्या वाजवल्या. "वा वा! मॅडम, पोरगी का म्हणली ते मराठीत सांगा ना. आमाले बी समजू द्या."

'माल चांगला हाये म्हणते.' एवढं म्हणलं का वर्ग वाचला असता. जिभेवर आलंच होतं. पन बुधरी माह्याकडे टक लावून पाहून राह्यली होती, अन् मले माहीच लाज वाटली. मी तिले जर्मनमध्येच विचारलं, "सांगू का? त्यायले राग येईन. तुह्या मायचा माल घेनार नाईत."

"सांगा," ती म्हणली.

"का खुसुरफुसुर चाललं आमच्यादेखत?" भाऊ हासत म्हणले.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात प्रफुल मंधात बोलला. "नको मॅडम, मी सांगतो." मंग बापाकडे वळून मराठीत म्हणला, "बाबा, ती म्हणते का आपल्या दुकानात दोन पायल्या हायेत. घ्यायची मोठी, द्यायची लहान."

भाऊचं हासू तोंडावर तसंच चिकटून राह्यलं. "नाटक हाये ना हे?" ते म्हणले. "मॅडमनं लिहून देल्लं असन."

"हो भाऊ, नाटकच!" हेडसर घाईघाईनं बोलले, अन् मले डोळ्यानं खुणावलं. साऱ्यायले सुटायले वाट भेटली होती. प्रफुलनं फक्त मान हालवायची होती. मी मनातल्या मनात देवाले म्हणली, हालव रे बाबू. खोटं कायले बोलू, त्या घडीले मले वर्गच पायजे होता.

"नाटक नाई," प्रफुल म्हणला. "बाजाराच्या दिवशी पायली मीच भरतो ना, बाबा. मोठी कोनती ते तुम्हीच तं मले दाखोली."

भाऊ उठले. पोराकडे पाह्यलंच नाई. "मॅडम, हा वर्ग आजपासून बंद," म्हणले अन् चालते झाले. त्यायच्या मागं समितीवाले, त्यायच्या मागं हेडसर.

"करा बंद!" मी मागून ओरडली. "पायली बी बंद करा!" पन ओरडून का होते? वर्ग गेला तो गेलाच. मले रडू आलं. कोनाले दिसू नाई म्हणून मी खुर्च्या उचलायले लागली.

मागून हळू आवाज आला. दोघं जर्मनमध्येच बोलून राह्यले होते.

"तू आता घरी जाशील?" बुधरीनं विचारलं.

"जा लागन."

"मारतीन?"

"माहीत नाई. तुम्ही माल कोनाले द्याल?"

"माहीत नाई."

दाराजवळून सोमारी पोरीले हाक मारून राह्यली होती. बुधरी हालली नाई. "भीती वाटते का?" तिनं विचारलं.

"हो," प्रफुल म्हणला. "तुले?"

"मले बी."

धंद्याच्या जर्मनमध्ये असे वाक्यं नसतात. मी तं त्यायले कधी शिकवलेच नव्हते. दोघायच्या बोलन्यात दोन-चार चुका होत्या. मी खुर्ची हातात धरून उभी राह्यली, अन् एकबी दुरुस्त केली नाई.