निळ्या समुद्राचा तक्ता

निळी जेली, तीन पाकिटं.

इद्रिस, अडीच वर्षांचा: हाती येईल ते आधी तोंडात.

मोजे अकरा. बारावा कुठे गेला ते देवाला ठाऊक.

"सुधारणा हवी."

ओटिस, नऊ महिने, दोन दात.

प्लॅस्टिकचे मासे मुठीएवढे मोठे. दीड वर्षाच्या मेबलच्या घशात जाणार नाहीत, मोजून घेतले.

इंग्लंडात, हडर्सफील्डमधल्या आपल्या घरी जॅनिस बूथरॉइड एकोणीस वर्षं लोकांची लेकरं सांभाळत आली होती. तीन वर्षांपूर्वीच्या सरकारी तपासणीत शेरा पडला होता: "सर्वांत लहान मुलांसाठी उपक्रम आखलेले दिसत नाहीत." खाली ठळक अक्षरांत तेच: सुधारणा हवी. या वेळीही तसंच झालं तर मेबलची आई आणि ओटिसची आई, दोघीही मुलांना दुसरीकडे नेणार होत्या. त्यांनी तसं अगदी गोड शब्दांत सांगितलं होतं, म्हणून ते जास्त लागलं होतं.

शुक्रवारी फोन आला. तपासणीच्या बाई बुधवारी साडेनऊला येणार.

मग जॅनिसने तक्ता केला. तीन रकाने: काय, कोणासाठी, का. तो फ्रिजवर चिकटवला.

काय: निळा समुद्र. जेलीत मासे, मुलं हातांनी शोधतील.
कोणासाठी: तिघांसाठी.
का:

तिसरा रकाना मंगळवार संध्याकाळपर्यंत रिकामाच होता. तिचा नवरा कीथ बसची पाळी संपवून आला आणि तक्त्यासमोर चहाचा मग घेऊन उभा राहिला.

"समुद्र इथून सत्तर मैलांवर आहे बाई. पोरांनी कधी पाहिलाय तरी का?"

"तू गप्प बस. स्पर्शज्ञान म्हणतात त्याला."

"मग लिही ना तसं."

"लिहिणारच आहे."

तिने लिहिलं, स्पर्शज्ञान. मग खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

बुधवार. नऊ वाजून बारा मिनिटं. ट्रे जमिनीवर, मासे जेलीत, तिन्ही मुलं बाह्या वर सारून तयार. जॅनिस रिकामी पाकिटं कचऱ्यात टाकायला गेली आणि सवयीने एकाच्या मागचे बारीक शब्द वाचले.

जिलेटिन. डुकराचं.

इद्रिसच्या आईने भरून दिलेल्या अर्जात पहिल्याच ओळीत डुकराचं काही नको म्हणून लिहिलेलं होतं. खाण्याच्या वस्तू घेताना जॅनिस दरवेळी बघायची. एकोणीस वर्षांत कधी चुकली नव्हती. पण ही जेली तिच्या डोक्यात खाण्याची वस्तू नव्हतीच. ती समुद्र होती.

इद्रिस ट्रेजवळ पोचला होता. बोट पुढे.

"नाही नाही नाही, राजा!" तिने ट्रे उचलला. निळी जेली तिच्या एप्रनवर सांडली. इद्रिसने भोकाड पसरलं, त्याचं बघून मेबलने, आणि ओटिसने कारण नसताना.

नऊ सव्वीस. समुद्र माशांसकट कचऱ्याच्या डब्यात. तक्ता फ्रिजवर. जॅनिसचा एप्रन निळा. करायला काही नाही. काहीच नाही. आणि मेबल कपड्यांची टोपली ओढत आणते आहे, कारण रोज या वेळी मशीन लागतं.

बेल वाजली.

मिस प्रिचर्ड नावाच्या त्या बारीक आवाजाच्या बाईंनी ओळखपत्र दाखवलं, कोट काढला, स्वयंपाकघरात आल्या. तक्ता वाचला. डब्याकडे बघितलं. डब्यातून एक मासा बघत होता.

"हा समुद्र?"

खोटं सुचलंही होतं. ट्रे पडला म्हणायचं.

"त्यात डुकराचं जिलेटिन होतं. इद्रिसला चालत नाही. मी आज सकाळी वाचलं. आधी वाचायला हवं होतं."

बाईंनी काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहिलं.

तोवर मेबल एकेक मोजा इद्रिसला देत होती आणि तो मशीनमध्ये टाकत होता. "दुसरा," ती म्हणायची. "दुसरा." जॅनिसने दार लावलं, बटण दाबलं, आणि तिघं मशीनसमोर बसली. ओटिस तिच्या मांडीवर.

"हे तक्त्यात नाही," बाई म्हणाल्या.

"नाही. हे रोजचंच आहे. कपडे धुणं."

"यातून बाळाला काय मिळतं?"

स्पर्शज्ञान, जॅनिसच्या तोंडात आलं. तेवढ्यात मशीन थांबलं, जसं ते मध्येच थांबायचं. ओटिसने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"हे बघा," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात हे थांबलं की तो रडायचा. आता माझ्याकडे बघतो. पुन्हा फिरणार हे त्याला कळलंय. फक्त मी इथेच आहे ना, एवढं बघून घेतो."

मशीन घरघरलं. ओटिसने मान परत वळवली.

बाईंनी पुन्हा लिहिलं. काय, ते दिसत नव्हतं. दुपारी सव्वा वाजेपर्यंत दिसलं नाही. तोवर जॅनिसने दोनदा लंगोट बदलले, ओटिस झोपल्यावर दर दहा मिनिटांनी त्याच्या छातीवर हात ठेवून पाहिला, आणि स्वतः काहीही खाल्लं नाही.

"शेरा: चांगलं," बाई शेवटी म्हणाल्या. "खेळाच्या वस्तूंचंही साहित्य तपासावं, एवढी एक सूचना लिहिते."

त्या गेल्यावर जॅनिस जिन्याच्या पायरीवर बसली. इद्रिस तिच्याजवळ आला आणि तिच्या एप्रनचं निळं टोक तोंडात घालायला लागला. तिने ते हळूच काढून घेतलं.

शनिवारी दुकानात त्याच फळीवर, दोन पाकिटं सोडून, जिलेटिन नसलेली जेली होती. ती लाल होती.