नट कुठे थांबवायचा

टप्.

धाकटा नुकताच झोपला होता. दुपारी तो झोपला की मला थोडा वेळ मिळतो, कधी चहा गार व्हायच्या आत संपणारा. घर इतकं गप्प होतं, की सिंकखालचा तो एक थेंबसुद्धा मला ऐकू आला.

मी कप ठेवला, खालचं दार उघडून आत डोकं घातलं. तांब्याच्या पाइपाचा तो जोड बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, कालच नवा बसवला होता. नटाखाली थेंब जमत होता, फुगत होता, पडत होता. बाबा शेजारीच टेबलाशी आपले नळकामाचे पाने पुसत बसले होते. त्यांच्या कानावर काहीच गेलं नव्हतं.

उद्या ते वन्संच्या नव्या घरी पाण्याची लाइन टाकायला निघणार होते. "पोरीच्या घरच्या पाण्याला परका हात लागायचा नाही," हे त्यांचं केव्हापासूनचं पालुपद. जन्मभर लोकांचे नळ जोडलेला माणूस. त्याला कसं सांगायचं? मी गुपचूप एक वाटी खाली सरकवली.

वाटीनेच चुगली केली. टिंग!

"आजोबा! तुमचा नट गळतोय!" थोरली ओरडली. पोटात काही ठेवायची तिला सवयच नाही.

बाबा गुडघा धरून खाली बसले. नटाखालून बोट फिरवलं आणि ओल्या बोटाकडे बघत राहिले. मग पाना लावून आणखी थोडं आवळलं. थेंब भराभर पडायला लागले.

"अजून जोर लावला तर?" मी विचारलं.

"जोराने भागलं असतं तर लोकांनी पहिलवान बोलावले असते, मला कशाला?" ते हसले, पण पुरतं नाही. "नटाच्या आत पितळेची रिंग असते. आवळत गेलं की ती पाइपाला चावून धरते. धरताना कर्र् करते, अगदी बारीक. त्यापुढे किंचित फिरवायचं आणि थांबायचं. नाही थांबलं, तर रिंग चेपते, पाइप चेपतो आणि पाण्याला वाट मिळते." त्यांनी पाना खाली ठेवला. "काल ती बोललीच नाही. मी वाट बघत फिरवत राहिलो."

त्यांनी कानातल्या यंत्राला हात लावला. "यात तुमचं बोलणं येतं. भांडी तर डोक्यातच आपटतात. पण डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज आधी जातात. गेले की गेले."

थोरली तोंड उघडं टाकून ऐकत होती.

"हिच्या आत्याला फोन कर, सूनबाई. म्हणावं, दुसरा माणूस बघ." आणि ते एकेक पाना पिशवीत टाकू लागले. पुसलेला, न पुसलेला, कसाही. ते मला बघवेना.

"बाबा, नवी रिंग आहे?"

"आहे. का?"

"तुम्ही फिरवा. ऐकायचं काम आमचं."

"हा काय पोरखेळ आहे?"

"असू दे. हरलो तर वाटी आहेच."

त्यांनी मुख्य कॉक बंद केला. पाइपाचं चेपलेलं टोक कापलं, पॉलिश पेपर फिरवला, कडेला कुठे खरखर राहिली का ते बोटाने बघितलं. पाइपावर आधी नट चढवला, मग नवी रिंग. पाइप जोडात पार तळापर्यंत दाबला आणि नट हाताने बसेल तेवढा बसवला. मग एका पान्याने जोड धरला, दुसरा नटाला लावला. थोरलीने पाइपाशी कान नेला आणि त्यांचं मनगट धरलं. मी श्वास रोखला. आत धाकटा कुशीवर वळला. आता उठू नको रे राजा.

कर्र्.

तिने मनगट दाबलं. बाबांचा हात थबकला. मग केसभर पुढे, आणि बस्स.

पाणी सुरू केलं. बाबांनी जोड फडक्याने पुसला आणि वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा त्याच्याभोवती गुंडाळून धरला. बराच वेळ. मग तो उजेडाकडे नेला, गालालाही लावून बघितला.

"कोरडा ठणठणीत," ते म्हणाले. "चिमणे, कान आहे हो तुला!"

"उद्या ऐकायला मी येते," मी म्हटलं. "धाकट्याला वन्संकडे देईन. घर त्यांचं, थोडं त्यांनीही दमावं."

आता ते पुरतं हसले. पिशवी पुन्हा टेबलावर रिकामी केली आणि पाने पहिल्यापासून पुसायला बसले.

थोरली सिंकखालून बाहेर येईना. मी वाकून बघितलं. ती नटाकडे बघत बसली होती.

"आई," तिने अगदी हळू विचारलं, "माझा आवाज बारीक आहे का गं?"