तोंड आवडाबाईचं

"मावशी, तुम्ही तिघी मागे पंख्याखाली बसा हं. म्हणजे कुणाला वास... म्हणजे तुम्हाला वारा लागेल," कॉलेजच्या हॉलच्या दारातली मुलगी म्हणाली.

आवडाबाईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. लिंबाने हात चोळून, ठेवणीतल्या साड्या नेसून, अबोलीचे वळेसर माळून तिघी आल्या होत्या. विकायची राहिलेली मासळी बर्फात टाकून आल्या होत्या. आणि आता शेवटच्या रांगेत बसल्या.

"ऱ्हाऊ दे गो," गंगुबाई म्हणाली. "साहेबाच्या कानावर गेलं म्हंजे झालं."

नगरपालिकेचे साहेब पहिल्या रांगेत होते, हातात फुलांचा गुच्छ. बाजारातली मासेवाल्या बायकांची शेड पाडून तिथे गाड्या लावायची जागा करायचा हुकूम यांच्याच सहीने निघाला होता. बायका भेटायला गेल्या आणि ऑफिसाबाहेरच्या बाकावरूनच परत आल्या. तेव्हा आवडाबाईची लेक शमिका म्हणाली होती, "आये, माझ्या परीक्षेची फिल्म तुमच्यावरच करते. पाहुणे म्हणून त्यांनाच बोलावते. मग ऐकावंच लागेल."

शमिका रत्नागिरीतच इलेक्ट्रॉनिक मीडिया मॅनेजमेंटचं एम.ए. करत होती. ते नक्की काय असतं हे आवडाबाईला कुणाला धड सांगता यायचं नाही, पण सांगताना मान ताठ व्हायची. बायका कॅमेऱ्यापुढे यायला तयार नव्हत्या. आवडाबाईनेच एकेकीला हाताला धरून उभं केलं. "माजी पोर हाय. शब्द खाली पडायचा नाय," असं वर सांगितलं.

दिवे मालवले आणि बासरी सुरू झाली.

बासरी! मासळी बाजारात कुणी कधी बासरी ऐकली आहे? पण ते जाऊ दे. पडद्यावर आवडाबाईचा चेहरा आला. कपाळाला आठ्या, बोट थेट समोर रोखलेलं, आणि त्या तोंडातून गोड, शुद्ध शब्द बाहेर पडले, "समुद्र हा आमचा सखा. येणाऱ्या प्रत्येक बदलाचं आम्ही हसतमुखाने स्वागत करतो."

हसतमुखाने! त्या आठ्यांकडे बघून सांगा, कुठे दिसत होतं हसू?

"ही कोण गो बोलते?" विमलाने विचारलं. "तू तर शेडीचं बोललं व्हतंस."

आवडाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. कोण बोलतंय ते तिला पहिल्या शब्दालाच कळलं होतं. जिला तिने बोलायला शिकवलं, तीच आज तिच्या तोंडातून बोलत होती.

मग गंगुबाई आली पडद्यावर. तीही शमिकाच्याच आवाजात म्हणाली, "आम्ही समाधानी आहोत." खऱ्या गंगुबाईने आवडाबाईकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

साहेब मान डोलावत होते. शमिकाचे विनीत सर त्यांच्या कानाशी लागून हसत होते. पाहुणा, प्रायोजक आणि प्रेक्षक, यांपैकी कुणालाच न दुखावणं म्हणजे मॅनेजमेंट, असं हे सर शिकवायचे. शमिका घरी ते घोकायची तेव्हा आवडाबाईला वाटायचं, पोर काहीतरी चांगलं शिकतेय. मेल्याने हे शिकवलं होतं तर!

पडद्यावर पुन्हा तिचाच चेहरा आला. शूटिंगच्या दिवशी वाऱ्याने आवाज नीट येईना म्हणून शमिकाने तिला तेच तेच पुन्हा बोलायला लावलं होतं. शब्द न् शब्द तिच्या लक्षात होता. आवडाबाई उभी राहिली. बाजाराच्या या टोकाला बसून त्या टोकाचं गिऱ्हाईक वळवणारा आवाज तो, त्याला माईक कशाला लागतोय?

"माजी आय हितंच बसली, मी हितंच बसलंय!"

सगळा हॉल गर्रकन मागे वळला. मग पुन्हा पडद्याकडे. तिथले ओठ आणि मागून येणारे शब्द बरोबर जुळत होते.

"गाड्यांना जागा पायजे नि माणसांना नको? साहेबांनी एक दिस उन्हात टोपली घेऊन बसावं, मग पाडावी शेड!"

"मावशी, खाली बसा!" विनीत सर उठून ओरडले. "शमिका, आवाज वाढव! वाढव म्हणतो ना!"

शमिका भिंतीजवळ लॅपटॉपपुढे बसली होती. आणि बासरी वाढली. हो, वाढली! आईचा आवाज दाबायला पोरीने बासरी वाढवली. तसा आवडाबाईचा आवाजही चढला. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. पडद्यावर गंगुबाई दिसताच खरी गंगुबाई उठली, "समाधानी तुमचा मुडदा! ह्या वयात मी टोपली घेऊन कुठं जाऊ, ता सांगा!" पाठोपाठ विमला उठली. तेव्हा कुठे शमिकाने आवाज पार बंद केला. हॉलमध्ये फक्त बायका बोलत राहिल्या.

साहेब तोवर फोन कानाला लावून बाहेर पडले होते. गुच्छ खुर्चीवर राहिला.

तिघी बाहेर पडल्या तशी शमिका पायऱ्यांवर धावत आली. डोळे लाल झाले होते. "आये, सर म्हणाले, पाहुण्यांना लागेल असं काही ठेवलंस तर पास करणार नाही. मी काय करणार होते? शेवटी बंद केला ना मी आवाज?"

"केलास." आवडाबाईचा घसा पार बसला होता. "पण चढवला व्हता कोणी?"

शमिकाने तिचा हात धरला, तो आवडाबाईने सोडवून घेतला.

"पास व्हायचं व्हतं तर मला सांगायचं व्हतंस. मी तोंडच उघडलं नसतं. बायकांनाही आणलं नसतं. पण माज्या तोंडात तू तुजं कशाला घातलंस गो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घशातून आवाजच फुटेना. गंगुबाई, विमला शेडखाली नेहमीच्या जागी बसून हाका मारत होत्या, गिऱ्हाईक तिकडे वळत होतं. आवडाबाईची टोपली भरलेलीच होती. शमिका न विचारता येऊन शेजारी बसली. हळूच म्हणाली, "आये, मी मारू हाक?"

आवडाबाईने तिच्याकडे न बघता मान हलवली. नाही. टोपलीतली बांगड्यांची जोडी शेपटीला धरून उंच केली, आणि गिऱ्हाईक वळेपर्यंत तशीच धरून ठेवली.