कुंडलिक गवंड्याची टाकी

"मावशी, एखादं पांढरं फडकं द्या. जुनंपानं चालंल."

टँकरवाल्या अन्वरने परसातून आवाज दिला तेव्हा साळूबाई चुलीपाशी उभी होती आणि काहीच करत नव्हती. घरात पांढरं म्हणावं असं एकच होतं, खुंटीवरचं नवऱ्याचं धोतर. तिने ते काढलं, काठ दातात धरला आणि टर्रकन निम्मं फाडून अन्वरच्या हातात दिलं. वर्षभर खुंटीवरून न हललेलं धोतर फाडताना बाईला काहीतरी व्हायला हवं. साळूबाईला काही झालं नाही. गेलं वर्षभर तिला काहीच होत नव्हतं. कुंडलिक गेला त्या दिवशी बायका तिला रडवायला टपून बसल्या होत्या, आणि ही आपली कुणाचा चहा राहिला ते बघत हिंडत होती. धक्का बसलाय, असं काहीजणी म्हणाल्या. बाईच कोरडी, असं काहीजणी म्हणाल्या. तिने दोन्ही ऐकलं, आणि तिला दोन्ही खरं वाटलं.

कुंडलिक आंबवड्याचा गवंडी. भोरपासून वेल्ह्यापर्यंत त्याच्या हातच्या संडासाच्या टाक्या शे-दीडशे तरी असतील. घरं बांधणारे पुष्कळ होते, पण टाकी बांधावी तर कुंडलिकने, असं लोक म्हणायचे. टाकीवर सिमेंटचा ढापा बसवायचा, कडा लिंपायच्या आणि ओल्या सिमेंटवर थापीच्या टोकाने तारीख कोरायची, ही त्याची सही. स्वतःच्या परसातल्या ढाप्यावर अशा दोन तारखा होत्या. एक टाकी बांधल्याची, दुसरी सात वर्षांनी उपसल्याची. दुसरी तारीख कोरून उठताना तो म्हणाला होता, "आता सात वर्सं हिच्याकडं बघायचं न्हाई." पुढच्या दोन महिन्यांत अर्धांगवायूने त्याला आडवं केलं. तीन वर्षं अंथरुणावर काढून तो गेला, त्याला उद्या वर्ष होत होतं. म्हणजे टाकीची अजून तीन वर्षं बाकी होती, आणि ती काल तुंबली.

उद्या वर्षश्राद्ध. लेक प्रेरणा सासरच्यांना घेऊन पुण्याहून येणार, पन्नास पानं उठणार, आणि संडासात ओतलेलं पाणी परत वर येत होतं.

अन्वरला फोन केला तो पुतण्या सोमनाथने. काकाच्याच हाताखाली शिकून तो आता भोरला बांधकामाची कामं घ्यायचा. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याची जीभ हाताच्या चार पावलं पुढे चालायची.

"काकी, स्पष्टच बोलतो," तो म्हणाला. "काकांनी ही टाकी बारकी बांधली. दुनियेला मापात दिल्या आन् घरच्या टाकीला शिमिट वाचवलं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!"

"मापातच हाय ती."

"मापात असती तर दोन माणसांची टाकी चार वर्सांत भरली असती व्हय? सगळी भावकी हेच म्हणतीया. श्राद्ध झालं की फोडू आन् प्लास्टिकची तयार टाकी बसवू."

भावकी म्हणतेय, हे मात्र साळूबाईला लागलं. वर्षभरात तिला पहिल्यांदा काहीतरी लागलं होतं. कुंडलिकने शेत कमावलं नाही, सोनं कमावलं नाही. कमावलं ते एवढंच, की त्याने बांधलेलं कुणी फोडलं नाही. आणि आता पहिली फुटणार ती त्याच्या दारातली.

अन्वरने पहारीने ढापा उचलला. सोमनाथ मोबाईलची बॅटरी लावून आत वाकला, तशी अन्वरने त्याची कॉलर धरून त्याला मागे ओढलं.

"वाकू नका. आत गॅस असतो. वाकलेला माणूस वर येत न्हाई."

मग त्याने बांबूला धोतर गुंडाळलं, बांबू तळाला टेकवला, थोडा वेळ धरला आणि वर काढला. धोतर काळंकुट्ट झालं होतं. वर चार बोटं तेवढी पांढरी.

"काळं तेवढा गाळ," अन्वर म्हणाला. "तिसरा हिस्सा काळा आला की गाडी बोलवायची. हितं पार गळ्याशी आलंय."

"मी काय म्हणत होतो?" सोमनाथ म्हणाला.

"थांबा की. गवंडीमामांच्या लई टाक्या उघडल्यात मी. माप बरोबर हाय. मधली भिंत बघा, केसभर चीर न्हाई." अन्वरने बांबू नाकापासून हातभर लांब धरून वास घेतला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. घाणीत जन्म काढलेल्या माणसाला घाणीचं काय! त्याला वास आला होता तो वेगळा. "ही टाकी मेलीय."

"टाकी कशी मरंल?" सोमनाथ म्हणाला.

"जित्या टाकीत बारके जीव असतात. ते घाण खातात, कुजवतात, तिचं पाणी करतात. म्हणून तर टाकी वर्सानुवर्सं चालती. ते जीव मेले की काय कुजत न्हाई, नुसतं साठत जातं." तो साळूबाईकडे वळला. "मावशी, आत काय ओतता तुमी?"

"काय न्हाई," ती म्हणाली.

साळूबाई खोटं बोलणारी बाई नव्हती. पण हे खोटं तिचं एकटीचं नव्हतंच.

आजाराच्या पहिल्याच आठवड्यात कुंडलिकने वाकड्या तोंडाने, शब्द गोळा करत तिला सांगितलं होतं, "साळू... घराला... वास नको." हा माणूस कामावरून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे. आता त्याला आपल्या अंगाखाली काय झालं तेही कळत नव्हतं. साळूबाईने मान हलवली आणि नसरापूरच्या बाजारातून फिनेलचा कॅन आणला. मग सकाळ-संध्याकाळ फिनेल. फरशीला फिनेल, चादरी भिजवायला फिनेल, ते सगळं पाणी संडासात, वर आणखी मगभर नुसतं फिनेल. लोक भेटायला यायचे, कॉटशेजारी बसून चहा प्यायचे आणि म्हणायचे, "साळूबाई, आजारी माणसाचं घर वाटत न्हाई बाई हे." तेव्हा कुंडलिक समाधानाने डोळे मिटायचा. तीन वर्षांत त्याला मिळालेलं सुख काय ते एवढंच.

आता गप्प राहावं तर गवंडी खोटा ठरत होता, आणि बोलावं तर आजारी माणूस उघडा पडत होता. दोन्हीकडून कुंडलिकच. साळूबाई क्षणभर त्या उघड्या टाकीकडे बघत राहिली. मग गोठ्यामागे गेली.

परत आली ती खताचं एक पोतं ओढत. ते तिने सोमनाथच्या पायापाशी उपडं केलं. फिनेलचे रिकामे कॅन धडधडत अंगणभर पसरले. ती वळली आणि दुसरं पोतं आणायला निघाली.

"काकी, हे काय?"

"अजून दोन हायती. जाळले तर धूर दिसला असता, भंगारात दिले तर बोभाटा झाला असता." तिचा आवाज बाजारातला भाव सांगावा तसा सपाट होता. "तुझ्या काकांना कळत नव्हतं रे. समदं अंथरुणातच. दिवसातनं पाच-पाच वेळा. म्या कुणाला कळू दिलं न्हाई, प्रेरणाला सुदिक न्हाई. टाकी मापात हाय. ती म्या मारली."

सोमनाथने पायापाशी आलेला एक कॅन उचलला, हुंगला आणि हळूच खाली ठेवला.

"मी त्यांच्या कॉटशेजारी बसून जेवलोय, काकी," तो म्हणाला. "कधी सुदिक..."

"तू जेवावंस म्हणूनच वतत होते."

अन्वर टँकरचा पाइप जोडत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "मावशी, मामांना जाऊन वर्स झालं. पण वास तर ताजा हाय."

"व्हय. सकाळीच वतलं."

"आता कशापायी?"

साळूबाईने विचार केला. खरंच केला.

"हात वततो," ती म्हणाली.

मशीन धडधडू लागलं. तासाभरात टाकीचा तळ दिसायला आला, तसं अन्वरने ते बंद केलं. सोमनाथ म्हणाला, थोडं राहिलंय, तेही काढा. अन्वरने मान हलवली.

"वीतभर ठिवायचं असतं. विरजण. दुधाला लावतो तसं. समदं खरवडून काढलं तर टाकी धरायची न्हाई." मग साळूबाईला म्हणाला, "उद्या एक बादली शेणकाला सोडा. आन् फिनेल बंद म्हणजे बंद. एका माणसाची टाकी हाय आता. गवंडीमामांचं काम हाय, धा वर्सं बघाया लागणार न्हाई."

दहा वर्षं. साळूबाई सदुसष्टची होती. तिने मान डोलावली.

सोमनाथने सिमेंट कालवलं. साळूबाईने आतून कुंडलिकची थापी आणून दिली. त्याने ढाप्याच्या कडा सावकाश, काकाने शिकवल्यासारख्या लिंपल्या आणि दोन तारखांच्या खाली तिसरी कोरली. "काकांच्या अक्षराखाली माझं अक्षर बरं दिसत न्हाई," एवढंच म्हणाला. मग पसरलेले कॅन गोळा करून पोत्यांत भरले आणि पोती आपल्या टेम्पोत टाकली. जाताना दारात थांबला. "हे मी कुणाला बोलणार न्हाई. टाकीचं काय झालं म्हणून इचारलं, तर काकांची टाकी एक नंबर हाय, असं सांगीन."

"तेवढंच सांग," ती म्हणाली.

दिवस कलला तसा साळूबाईचा हात आपोआप मोरीच्या कोपऱ्याकडे गेला. तिथे काही नव्हतं. अर्धा भरलेला कॅनही सोमनाथने नेला होता. तिने नुसत्या पाण्याने फरशी धुतली, संडासात दोन बादल्या ओतल्या. पाणी सरळ खाली गेलं. ती घरात येऊन, जिथे कॉट असायची तिथे उभी राहिली आणि तिने श्वास घेतला.

घराला वास नव्हता. घाणीचा नव्हता, फिनेलचाही नव्हता. चार वर्षांत या घराला फिनेलशिवाय कुंडलिकचा दुसरा वासच उरला नव्हता, हे तिला आता कळलं. तो गेला हेही तिला आताच कळलं. ती तिथेच खाली बसली. रडू आलं नाही.

अंधार पडायच्या आत ती उठली. उरलेलं निम्मं धोतर तिने खुंटीवरून काढलं आणि नाकाशी धरलं. त्यात कुंडलिकचा वास होता, धुरकट, जुना. बराच वेळ तिने ते तसंच धरून ठेवलं. उद्या माणसं येणार होती, खुंटीवर फाटकं धोतर बरं दिसलं नसतं. तिने ते धुवायला बादलीत टाकलं.

टाकण्याआधी काठ दातात धरून वीतभर पट्टी फाडून घेतली. ती कोरडीच घडी करून तिने ट्रंकेत, अगदी तळाला ठेवली.