फाइलमधून न आलेली मींड

प्रतीकच्या वाद्यवृंदात माझ्या नेहरू नगरच्या शिकवणीतल्या मुलांनी व्हायोलिन वाजवायचं ठरलं, तेव्हा मी माझी रचना त्याला पाठवली. नोटेशनचा माझा प्रोग्रॅम जुना, त्याचा वेगळा. "काकू, एक्सपोर्ट करून पाठवा, माझ्याकडे उघडेल," तो म्हणाला. उघडली. त्याने कागद छापून मुलांना वाटलेही. गुडघ्यामुळे तो आठवडा माझी शिकवणी बंद होती.

शनिवारी रंगीत तालीम झाली. दहा वर्षांच्या अमृताचा एकटीचा तुकडा आला आणि तिने पंचमावरून गंधारावर सरळ उडी मारली. तिथे मींड हवी होती, बोट न उचलता तारेवरून घसरत खाली यायचं. फार दिवस तिला ते जमत नव्हतं. शिकवणी बंद होण्याच्या आदल्या दिवशी कुठे जमलं होतं.

"आजी, एक भी गलती नाही ना?" तिचा चेहरा फुललेला.

मी कागद पाहिला. स्वर जागच्या जागी होते, मींडेच्या रेघा नव्हत्या. माझ्या प्रोग्रॅममध्ये मनासारखी खूण सापडेना, म्हणून मी त्या चित्रासारख्या काढल्या होत्या. फाइलबरोबर स्वर गेले, चित्रं मागेच राहिली.

"पुन्हा पाठवता का?" प्रतीकने विचारलं.

"पुन्हा तेच येईल रे."

"मग वाजवू दे सरळच. उद्या कार्यक्रम आहे, काकू. लोकांना काय कळतंय?"

"तिला कळेल."

मी खुर्चीत बसले. शिकवलेलंच पुन्हा शिकवायचं, आणि तेही पोरीचं काही चुकलेलं नसताना.

"अमृता, इथे मींड होती गं."

"कागदावर तर नाहीये. दादांनी काढून टाकली?"

"नाही. ती रेघ गाण्यातली आहे, हे त्यांच्या कॉम्प्युटरला कळलं नाही."

"बुद्धू है क्या?"

प्रतीक हसला. मला हसू आलं नाही.

मी गात राहिले, ती वाजवत राहिली. बोट सवयीने उडीच मारायचं. डोळे भरले तरी तिने व्हायोलिन खाली ठेवलं नाही. शेवटी बोट घसरलं, पण गंधाराच्या जरा अलीकडेच थांबलं.

"चालेल?"

"चालेल. उद्या थोडं आणखी खाली ये."

तिने पेन्सिलने स्वतःच्या कागदावर वाकडीतिकडी रेघ ओढली आणि मग प्रतीकचा कागद ओढून घेतला.

"दादा, तुमच्याकडे पण काढते. नाहीतर मी घसरत येईपर्यंत तुम्ही पुढे पळाल."