घळीत हरणं शून्य

आमच्या जंगल खात्यात एक घाणेरडी सवय आहे. महिन्याच्या सुरुवातीला जनावरांच्या गणतीचे कोरे तक्ते येतात आणि आम्ही वनरक्षक त्यांवर आधीच सह्या ठोकून मोकळे होतो. आकडे मागाहून कारकून भरतो. मीही तेच करत आले. कारकून तर माझा धाकटा दीर, घरचाच माणूस.

त्या सोमवारी साहेबांच्या टेबलावर भरलेला तक्ता पाहिला. ओढ्याची घळ : हरणं शून्य. खाली माझी सही. जिथे जनावर राहतं तिथे माती टाकायची नाही, असा नियम आहे. शून्य म्हटल्यावर रस्ता मोकळा. घळ बुजवायची आणि वर एकाच जातीची झाडं रांगेत लावायची. वातावरण बदलतंय, त्यावर म्हणे हा उपाय!

दीर पंख्याखाली पेपर वाचत बसला होता.

"भावजी, घळीत उतरला होतात?"

"वहिनी, गुडघाभर चिखल, वर जळवा. सकाळी रस्त्यावरूनच पाहिलं की."

"सकाळी ती माळावर चरतात, हे शेंबडं पोरही सांगेल!"

"मग माळावरची मोजली ना. उगाच डोक्याला ताप कशाला करून घेता?"

अकरा वर्षं या रानात पाय झिजवलेत मी. आता उन्हाळा महिनाभर आधीच पेटतो. माळावरचं गवत करपतं, तेव्हा दुपारी हरणं घळीत शिरतात. तिथे ओल असते, सावली असते, हिरवा पाला असतो. ढगफुटीसारखा पाऊस झाला की तीच हरणं चढावरच्या झुडपांत जातात. पलीकडचं रान सपाट करून यांनी अशीच एकाच जातीची झाडं लावली. गेल्या उन्हाळ्यात तिथून मी नऊ मेलेली पाडसं उचलली, माशा घोंगावत असलेली. आमच्याकडे एकही मेलं नाही. हरणाला एक जागा पुरत नाही, इतकं सरळ आहे. पण वाकून बघायला यांची कंबर दुखते.

साहेबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "बाई, सही तुमचीच आहे."

"कोऱ्या कागदावर केली होती."

"हळू बोला जरा."

"बोलत नाही, लिहूनच देते."

दीर मागून कळवळला, "वहिनी, माझी बढती यात अडकलीय हो! घरात तोंड कसं दाखवाल?"

"तोंड लपवायची वेळ तुमच्यावर आलीय. आणि माझ्यावरही."

अर्ज लिहिला आणि आवक खिडकीवर शिक्का मारून घेतला, म्हणजे कुणाला तो ड्रॉवरमध्ये गडप करता येऊ नये. फेरगणती करणं भाग पडलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दोन वाजता मी दोघांना घळीत उतरवलं. वर माळावर पाय ठेवला तरी चटका बसत होता. पहिल्याच वळणावर पाला सळसळला आणि हरणं उठली. माद्या, पाडसं, एक म्हातारा नर. सगळी धडपडत चढावर गेली. तेवीस. दिरानं आकडा लिहिला.

"काम थांबवावं लागेल," साहेब म्हणाले. "तुमच्यावर चौकशी बसेल, बाई."

"बसू द्या."

ते रुमालानं मान पुसत ओल्या दगडावर टेकले. दीरही बसला. "काय गारवा आहे हो इथे," तो म्हणाला, जणू घळ त्यानंच शोधून काढली होती.

मी वर पाहिलं. हरणं उघड्यावर उन्हात उभी होती, धापा टाकत, आमच्याकडे बघत.

"उठा," मी म्हटलं. "त्यांची जागा अडवून बसलाय."