चष्म्यातलं पाणी

चष्मा मी बनवला होता आणि त्याचा मला अभिमान होता. हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं त्यात त्या अभिमानाचाही वाटा आहे.

विक्की माझा धाकटा भाऊ. आमच्या गावामागच्या धरणात मच्छीमार सोसायटीची जाळी पडतात. तळाशी बुडालेल्या जंगलाची खोडं अजून उभी आहेत. जाळं त्यांत अडकलं की कुणीतरी श्वास रोखून तीस-पस्तीस फूट खाली जायचं आणि ते सोडवायचं. आमच्या ढिवर, म्हणजे मासेमारांच्या घरात हे काम आधी बाबांनी केलं, त्यांच्यानंतर विक्कीनं. पाण्याखाली उघड्या डोळ्यांना सगळं धूसर दिसतं, म्हणून तो गाठी हातानं चाचपून सोडवायचा. त्यानं पोहण्याचा साधा चष्मा घालून पाहिला होता. पण खोल गेल्यावर आतली हवा आवळली जाते आणि चष्मा डोळे ओढून धरतो. त्या दिवशी तो वर आला तेव्हा दोन्ही डोळ्यांत रक्त उतरलं होतं.

मी गोंदियाला बी.एस्सी. केलं आणि सडक अर्जुनीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले. २००९च्या उन्हाळ्यात मी त्याला दुसरा चष्मा करून दिला. त्यात हवा नव्हतीच. आत काठोकाठ सलाईन, म्हणजे निर्जंतुक मिठाचं पाणी भरायचं. द्रव दाबानं आवळत नाही, त्यामुळे डोळे ओढले जात नाहीत. पाण्यात डोळ्याची प्रकाश एकवटण्याची बरीचशी ताकद निघून जाते. ती भरून काढायला मी निकामी उपकरणांतली छोटी, जाड भिंगं प्रत्येक काचेच्या मधोमध बसवली. जमिनीवर तो चष्मा घातला की काहीच धड दिसत नसे. विक्कीला हात धरून डोंग्यात, त्या छोट्या होडीत, बसवावं लागे. पण पहिल्या बुडीनंतर तो वर आला आणि त्यानं डोंग्याची कड धरली. मग म्हणाला, "दीदी, जाळ्याची एकएक गाठ दिसून राहिली. झाडाले अजून साल हाय."

मी त्याला सगळं नीट समजावलं. सलाईन मेडिकलमधलं, बंद बाटलीतलं घ्यायचं, आणि उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी वापरायची नाही. काम संपलं की आतलं सगळं ओतून टाकायचं, उकळून गार केलेल्या पाण्यानं चष्मा धुवायचा आणि सावलीत पूर्ण वाळू द्यायचा. भिंगाला आतून बोट लावायचं नाही. आणि धरणाचं पाणी त्यात कधीही भरायचं नाही. ते तासन्‌तास डोळ्याला चिकटून राहतं आणि त्यातले जीव डोळ्याचा घात करू शकतात. एकदा जरी भरलंस तर चष्मा परत घेईन, असंही मी म्हणाले. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

ऑक्टोबरात त्याचा डावा डोळा लाल झाला. दोन दिवसांत उजेड सहन होईना. मी त्याला गोंदियाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी काम विचारलं आणि लगेच पुढचा प्रश्न केला, धरणाचं पाणी डोळ्यावर राहतं का? विक्की माझ्याकडे पाहू लागला. मग मीच उत्तर दिलं. चष्म्याची रचना सांगितली, सलाईन का, ते सांगितलं, धुण्याची पद्धत सांगितली. डॉक्टर लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी मी म्हणाले की डोळ्याला बंद बाटलीतल्या सलाईनशिवाय काही लागत नाही, याची मला खात्री आहे. त्यांनी तसंच लिहून घेतलं आणि साध्या जंतुसंसर्गाचे थेंब दिले.

बारा दिवस थेंब घालूनही दुखणं वाढतच गेलं. काळ्या बुबुळावर पांढुरकं कडं दिसू लागलं. गावात माझी आई जमुनाबाई बायकांना सांगत होती, की रीनाच्या, म्हणजे माझ्या, दवाईच्या पाण्यानं पोराचा डोळा जाळला. हे मला शेजारच्या शामकलाबाईंनी सांगितलं. मला राग आला नाही. उलट वाटलं, खरंच असेल तर? सलाईनच खराब निघालं असेल, किंवा माझ्या चिकटद्रव्यातून काही सुटत असेल. म्हणून मी विक्कीकडून चष्म्याची डबी मागून घेतली. तो म्हणाला, कायले पाहिजे? पण अंथरुणावरून उठला नाही, आणि मी ती खुंटीवरून काढून घेतली.

प्रयोगशाळेत डबी उघडली. चष्मा ओला होता. तळाशी चमचाभर पाणी साचलं होतं आणि रबराच्या कडेला हिरवट बुळबुळीत थर होता. इथेच मला कळायला हवं होतं, पण मी पद्धत सोडली नाही. चार परीक्षानळ्या घेतल्या. पहिलीत सलाईन, दुसरीत धरणाचं पाणी, तिसरीत दोन्ही निम्मं-निम्मं, कारण चष्मा गळून थोडं पाणी आत आलं असू शकतं. चौथीत डबीतलं पाणी. प्रत्येकीत नायट्रिक आम्लाचा थेंब आणि मग सिल्व्हर नायट्रेट. मीठ असेल तर दह्यासारखा पांढरा साका येतो. पहिलीत आला, तिसरीतही आला. दुसरी जराशी गढूळ झाली. चौथी अगदी दुसरीसारखी, म्हणजे डबीत सलाईन नव्हतंच, नुसतं धरणाचं पाणी होतं.

मी प्रयोग पुन्हा केला. मग नळ्या धुतल्या आणि घरी गेले.

विक्की डोळ्यावर फडकं धरून पडला होता. आई चुलीपाशी होती. मी फक्त विचारलं, कधीपासून? त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. पहिल्या महिन्यापासून, म्हणाला. सोसायटीचे अध्यक्ष छोटेलालकाका त्याच्या हातातली बाटली पाहून काठावर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "काऊन बे विक्की, मच्छ्याईले ताप आला का? सलाईन लावाले चालला." सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून तो डोंग्यातूनच ओंजळीनं धरणाचं पाणी भरू लागला. चुरचुरायचं, मग सवय झाली. ओतून टाकणं, वाळवणंही सुटलं.

"माझ्यापासून लपवलंस ते ठीक," मी म्हणाले. "डॉक्टरांसमोर काऊन नाही बोललास?"

"तूच सांगून राहिली होती ना," तो म्हणाला. "इतकी चांगली सांगून राहिली होती. अन् बोललो असतो तर तू चष्मा वापस नेली असती. मले खालचं दिसलं नसतं."

मी आईकडे पाहिलं. ती भाकर उलटत होती.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "मीच म्हटली, नको बोलू."

"आणि माझ्या पाण्यानं डोळा जाळला म्हणून गावभर सांगितलंस."

"तुले लोक काय करतीन? तू शिकलेली, नोकरीवाली. त्याले त्याच लोकाईसंग त्याच डोंग्यात बसाचं हाय."

ती हे भांडणाच्या सुरात बोलली नाही. तिनं हिशेब केला होता आणि तो तिच्या दृष्टीनं बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं मी विक्कीला गोंदियाला नेलं. डॉक्टरांना सांगितलं की चष्म्यात धरणाचं पाणी होतं, तेच साचलेलं, चार महिने. त्यांनी जुना कागद काढून वाचला.

"तुम्ही खात्रीनं सांगितलं होतं," ते म्हणाले.

"हो. मी सांगितलं होतं."

विक्की भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता पाहत होता.

डॉक्टरांनी बुबुळावरचा नमुना खरवडून घेतला. पाण्यातलाच जीव निघाला. पहिल्या दिवशी कळलं असतं तर, एवढं म्हणून ते थांबले. औषध बदललं. तासातासाला थेंब, कित्येक आठवडे. डोळा राहिला, पण बुबुळावर फूल पडलं. त्या डोळ्यानं आता त्याला उजेड आणि हलणारी माणसं कळतात.

थेंबांच्या त्या आठवड्यांत मी कॉलेजातून सुट्टी घेऊन घरीच होते. मधे एकदा विहिरीवर गेले आणि परत यायला उशीर झाला, थेंबांची वेळ टळून गेली होती. विक्की खाटेवर बसला होता.

"थेंब टाकलो, दीदी," तो म्हणाला.

मी बाटली उचलली आणि उजेडात धरून आतल्या औषधाची पातळी पाहिली. मी पातळी तपासते आहे, हे तो पाहत होता. मी बाटली खाली ठेवली नाही.